डबीनं केलेली क्षमा

आमच्या ह्यांचं नाव बाहुबली. नाव ठेवताना सासूबाईंनी बाळाकडे नीट बघितलं नसावं, कारण माणूस असा किडकिडीत की वाऱ्याच्या दिवशी हातात छत्री द्यायला भीती वाटावी. पण ह्यांचं सगळं बळ घशात. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही कुस्तीच्या मैदानात निवेदनाला बाहुबली चौगुले असले की लोक म्हणायचे, आज डोळे मिटले तरी कुस्ती दिसेल. पैलवान पटात शिरायच्या आधीच ह्यांचा आवाज तिथं पोचलेला असायचा. घरातही तीच तऱ्हा. आमटीत मीठ कमी पडलं तर चार गल्ल्यांना कळायचं. मी म्हणायचे, "अहो, मी पुढ्यात बसलेय. मला लाउडस्पीकर नको."

गेल्या उन्हाळ्यात एका मैदानात वावटळ उठली, मंडपाचा लोखंडी खांब निसटला आणि ह्यांच्या डोक्यात डाव्या बाजूला बसला. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं, रक्ताची गाठ काढली. जीव वाचला. पाय चालायला लागले, उजवा हातही हळूहळू हलायला लागला. वाचा मात्र गेली.

गेली म्हणजे कशी, ते सांगायला हवं. पाणी हवं असलं की हे तोंड उघडायचे, घाम येईपर्यंत झगडायचे आणि बाहेर यायचं, "चप्पल." चुकलं हे त्यांनाही कळायचं. कपाळावर हात मारून घ्यायचे. आणि एके सकाळी बघते तर अंथरुणात बसून आम्हा जैनांचा अख्खा णमोकार मंत्र घडाघडा म्हणतायत! एक अक्षर चुकलं नाही. मी तशीच उठले आणि दवाखान्यात मुजावर मॅडमना गाठलं. ह्यांच्या बोलण्यावर त्याच उपचार करायच्या. मुलगी वयानं लहान, पण घाई म्हणून नाही तिला.

"मॅडम, खरं सांगा, हे सोंग करतायत का?"

ती हसली नाही. "काकू, ह्याला वाचाघात म्हणतात. आपण शब्द निवडून, जुळवून वाक्य करतो ना, ते काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं. मार तिथंच बसलाय. पण लहानपणापासून घोकलेलं जे असतं, मंत्र, गाणी, शिव्या, ते आपण जुळवत बसत नाही. ते तयारच असतं, आणि त्यात उजवी बाजूही हात देते. म्हणून मंत्र येतो आणि पाणी येत नाही. काकांना सगळं समजतंय. राग, लोभ, हट्ट, सगळं जागच्या जागी आहे. फक्त बाहेर यायची वाट मोडलीय."

शिव्या येतात हे मला आधीच कळलं होतं, पण ते काही मी मॅडमना सांगितलं नाही.

मग आली डबी. आता जिल्ह्याजिल्ह्यात देतात, सरकारी योजनेतून. ऑपरेशन करतानाच मेंदूवर कागदाहून पातळ जाळी ठेवलेली होती. तिला जोडलेली सुपारीएवढी डबी शर्टाच्या खिशाला लावायची. मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. माणूस बोलायच्या आधी मेंदू ओठांना, जिभेला हुकूम सोडतो. ह्यांचे हुकूम वाटेत अडकतात, पण निघालेले तर असतात. जाळी ते पकडते आणि डबी बोलते.

"पण सगळे स्वच्छ सापडत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मार लागलेल्या जागेतून येतात ना. काही शब्द पक्के, बाकीचा अंदाज. अंदाज बांधायला काकांचं जुनं बोलणं लागेल, जितकं मिळेल तितकं."

मिळायला काय कमी होतं? पंचवीस-तीस वर्षांच्या मैदानांची रेकॉर्डिंग, फोनमधले सगळे मेसेज, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे आवाज, सगळं दिलं. कुठल्या शब्दामागून हे कुठला शब्द आणायचे, ते यंत्र शिकलं.

पहिल्या दिवशी ह्यांना तहान लागली. खिशातून ह्यांचाच आवाज गरजला, "मंडळी! आता येऊ द्या पाणी!"

मी दचकून तांब्याच सोडला हातातून. हे आधी बावरले आणि मग इतके हसले, इतके हसले की ठसका लागला. मी हसता हसता रडायला लागले. किती महिन्यांनी घरात तो आवाज!

फोनवर अंदाजाची एक पट्टी होती. एका टोकाला डबी फक्त पक्का शब्द बोलणार, दुसऱ्या टोकाला उरलेलं सगळं स्वतः भरून काढणार. मॅडमनी ती मधोमध ठेवली होती. ह्यांनीच बोट दाखवून दाखवून ती पार टोकाला सरकवायला लावली. मैदान गाजवलेला माणूस, त्याला अडखळणं कसं सोसावं? महिन्याभरात घर पहिल्यासारखं दणाणायला लागलं. शेजारी म्हणायचे, चौगुले बरे झाले. मीही म्हणायचे.

आता शीतलचं सांगते. शीतल माझा धाकटा दीर, आणि त्याची बायको त्रिशला माझी सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात सुना म्हणून आलो. एका चुलीवर हसलो, भांडलो, बाळंतपणं केली. सहा-सात वर्षांमागं सासूबाई गेल्या. त्या दिवशी हे लांब एका मैदानात माइकवर होते आणि फोन कोटाच्या खिशात. आमच्यात दिवस मावळायच्या आत अग्नी देतात. हे धावतपळत आले तेव्हा चिता पेटून गेली होती.

"आईचं तोंड दाखवलं नाहीस मला," एवढंच हे शीतलला म्हणाले. त्यानंतर एक शब्द नाही. शीतल गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि माझी बहीण त्याच्याबरोबर गेली. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलं की तेवढी चोरून गाठ पडायची. सख्ख्या बहिणी आम्ही, आणि खांबाआड उभं राहून बोलायचं! भांडण दोघा भावांचं, आणि उपास आम्हा दोघींना.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. ते संपलं की क्षमावाणीचा दिवस. त्या दिवशी जो भेटेल त्याला हात जोडून म्हणायचं: वर्षभरात कळत-नकळत, मनानं, वचनानं, कायेनं दुखावलं असेल तर क्षमा मागतो, क्षमा करतो, उत्तम क्षमा. पूर्वी दारोदार जायचे. फोन आल्यापासून एक मेसेज लिहायचा आणि सगळ्या गावाला धाडून द्यायचा. हेही धाडायचे. त्यात शीतलचा नंबरही असायचा. तो काढायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि त्या मेसेजाला कुणी क्षमा मानलीही नाही.

ह्या वर्षी मात्र क्षमावाणीला शीतल स्वतः दारात उभा राहिला. मागं त्रिशला, डोक्यावर पदर. अपघातानंतर तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला होता, हे मला ठाऊक होतं. आज आत आला, ह्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"अण्णा, क्षमा."

ह्यांचं तोंड लालबुंद झालं. ओठ थरथरले. आणि खिशातून तो भरदार आवाज आला, "ये शीतल! मनात काही ठेवू नकोस. कळत-नकळत, मनानं, वचनानं, कायेनं दुखावलं असेल तर क्षमा मागतो, क्षमा करतो. उत्तम क्षमा!"

शीतलनं ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. हे खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आम्हाला वाटलं, माया दाटून आली. त्रिशला माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघी अशा रडलो की शेजारणी धावत आल्या. गुळपोळ्या केल्या मी त्या दिवशी. गुळपोळ्या!

दुसऱ्या दिवशी डबी सापडेना. हुडकून हुडकून थकले, तर ज्वारीच्या डब्यात निघाली. पुसून पुन्हा खिशाला लावली. तिसऱ्या दिवशी ती परसातल्या मोरीत.

"अहो, लहान आहात का?" मी ओरडले. "बोलता येतंय तर बोलायचं सोडून हे काय चाललंय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही. खरं सांगायचं तर मी फार खोलात शिरलेच नाही, कारण त्रिशला आता रोज येत होती. दुपारी आम्ही दोघी पापड लाटायचो आणि सात वर्षांच्या राहिलेल्या गोष्टी बोलायचो. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मग एके दिवशी शीतल आला तेव्हा मी नेमकी ह्यांच्या समोर बसले होते. शीतलला बघून ह्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं, अगदी दातांवर दात. हात हलवून त्याला 'जा, जा' करायला लागले. आणि त्याच वेळी खिशातून गोड आवाज आला, "ये की शीतल, बस! घरी सगळी बरी आहेत ना?"

मिटल्या तोंडाचा नवरा एकीकडे, आणि त्याचा आवाज दुसरीकडे पाहुणचार करतोय. शीतल खाली बघून चप्पल काढत होता, त्याला दिसलं नाही. मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन मिरज गाठली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि अंदाजाची पट्टी पार दुसऱ्या टोकाला आणली, फक्त पक्का शब्द. मग ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"काका, शीतलभाऊंबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

आणि थांबल्या. किती थांबल्या! भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मी ह्यांच्या वतीनं सांगायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझं मनगट धरलं. हळूच, पण धरलं.

शेवटी डबी बोलली. मैदानाचा थाट नाही, काही नाही. "आई."

मग बऱ्याच वेळानं, "तोंड." आणि मग, "नाही. नाही. नाही."

मी डबीकडे बोट केलं. "मग त्या दिवशी क्षमा केली, ती कुणी?"

"यंत्रानं," मॅडम म्हणाल्या. "काका बहुतेक 'नाही'च म्हणत होते काकू. पण पर्वाचे दिवस, भावाचं नाव, भावाच्या तोंडचं 'क्षमा'. अशा वेळी काकांच्या जुन्या बोलण्यात एकच उत्तर आहे, वर्षानुवर्षं, शेकडो लोकांना. क्षमावाणीला कुणी 'नाही' म्हटलेलं यंत्रानं कधी ऐकलंच नाही. त्याला वाटलं, हा 'नाही' चुकून आलाय. त्यानं तो दुरुस्त केला."

मॅडम पुढं म्हणाल्या, "आमच्यातही ईदला गळाभेट घेतात काकू. सगळ्याच काही मनापासून नसतात. पण न घ्यायची मोकळीक तरी माणसाला असते."

परत येताना बिनड्रायव्हरच्या बसमध्ये हे खिडकीला डोकं टेकून झोपले. बऱ्याच दिवसांनी इतके शांत झोपले असावेत. मी मात्र जळत होते. देवा, माझी बहीण मला आत्ताच तर परत मिळाली होती!

घरी त्रिशला वाटच बघत होती. तिला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून पायरीवर बसली.

"अक्का, राहू दे की गं तसंच. कुणाचं काय बिघडतंय? शीतल खूश आहेत, तू खूश, मी खूश. दाजींना पुढंमागं सवय होईल."

"त्यांना नाही म्हणायचंय गं."

"म्हणू दे की मनातल्या मनात! आजवर कोण मनातलं सगळं बोलतं? तू बोलतेस सासरच्यांना?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. घटकाभर नाही, अख्खा दिवस पटलं. पट्टी पुन्हा टोकाला सरकवायची, झालं. पण जेवताना हे माझ्याकडे बघायचे आणि माझा घास अडकायचा. ह्या माणसानं जगाला ओरडून सांगितलं होतं 'नाही', आणि ऐकलं ते फक्त मी आणि मॅडमनी. आता मीही कानात बोळे घातले तर ह्यांनी सांगायचं कुणाला? नवरा मुका असता तर मी त्याचे हात वाचले असते. इथं तर त्याच्याच आवाजात दुसरं कुणीतरी माझ्या घरात राहत होतं.

रविवारी सकाळी मी शीतलला आणि त्रिशलाला बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. शीतल उठला. ह्यांच्यासमोर जाऊन बसला. ह्यांनी खिशाची डबी स्वतःच काढली आणि टेबलावर ठेवली.

"अण्णा, वहिनी म्हणतात ते खरं?"

ह्यांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या. "क्ष... क्ष... चप्पल." गुडघ्यावर मूठ आपटली. शीतल मदतीला पुढं सरकला, मी त्याच्याकडे असे डोळे काढले की तो तिथंच थांबला. मी स्वतः पदराचं टोक दातात धरून बसले होते. मला गप्प बसणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते माझं मला माहीत.

"क्षमा," हे म्हणाले. स्वतःच्या तोंडानं. जाडाभरडा, मोडका आवाज. "क्षमा... नाही."

आणि मग, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा, "आई... तोंड... नाही... दाख... नाही."

त्रिशला हुंदका देऊन उठली. "चला हो. झालं ऐकून." मी तिला अडवलंही नाही, कुठल्या तोंडानं अडवू?

शीतल उठला नाही. "थांब गं. अण्णा, त्या दिवशी डबी बोलली, आणि घरी गेलो तरी मला चैन पडेना. हा गोड बोलणारा कोण? माझा भाऊ गोटी हरवली तर महिनाभर तोंड फुगवणारा. आज खरा तू बोललास. मग मीही खरं बोलतो."

त्यानं खुर्ची ह्यांच्याजवळ ओढली.

"फोन तू उचलला नाहीस, हे खरं. पण दिवस मावळायला अवकाश होता. समाजाचे पंच म्हणाले, बाहुबलीची वाट बघू. मीच म्हणालो, नको. महिनोन् महिने तिचं सगळं मी केलं, अण्णा. कूस मी बदलली, औषध मी पाजलं. आणि त्या दिवशी सकाळपासून तिच्या तोंडात एकच, बाहुबली आला का? बाहुबली आला का? मला राग आला. मी मुद्दाम थांबलो नाही."

हे त्रिशलालाही ठाऊक नव्हतं. मला तर वाटलं, उठून एक मुस्काटात ठेवून द्यावी. ह्यांचा श्वास मोठ्यानं चालला होता. आता हे काय करतील ह्या भीतीनं मी अर्धी उठले. पण हे शीतलकडे टक लावून बघत होते आणि ओठ पुन्हा झगडायला लागले होते.

"आई... काय... म्ह... म्ह..."

शीतलला कळलं. "शेवटी काय म्हणाली?"

ह्यांनी मान हलवली.

शीतल रडायलाच लागला. "म्हणाली, बाहुबलीचं मैदान लाव. फोनवर तुझं जुनं निवेदन लावलं, उशाशी ठेवलं. तू गरजत होतास आणि ती ओठांतल्या ओठांत हसत होती. कुस्ती निकाली व्हायच्या आधीच गेली, अण्णा. तुझा आवाज ऐकत गेली. हे एवढं तरी तुला सांगायला पाहिजे होतं. तेही मी दाबून ठेवलं."

ह्यांच्या गालांवरून पाणी ओघळून सदऱ्यावर पडत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. ह्या वेळी ते पाणी कशाचं हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

"पुन्हा," हे म्हणाले. "पुन्हा... सांग."

शीतलनं पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मग हे परत म्हणाले, पुन्हा. त्यानं परत सांगितलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी दोघे तसेच बसले होते. निघताना शीतल दारात थबकला, हात जोडले.

"अण्णा, क्षमा?"

हे कितीतरी वेळ झगडत राहिले. कुणी शब्द भरला नाही.

"नाही," हे म्हणाले. मग दम घेऊन, "उद्या... ये."

दिवाळी होऊन गेली, संक्रांत आली. डबी आहे, पट्टी पक्क्या शब्दावर असते, अडलं की हे तिला खिशाला लावतात. शीतलसमोर मात्र लावत नाहीत. तो रोज त्रिशलाला घेऊन दिवस मावळायच्या आत जेवायला येतो, आईची एखादी गोष्ट सांगतो, कधी दोघांचं कशावरून तरी वाजतं, ह्यांच्या अडखळत्या भांडणाला पुरा अर्धा तास लागतो आणि शीतल एकही शब्द न घालता ऐकून घेतो. जाताना विचारतो, क्षमा? आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात कान देऊन असतो. बाहेरून ह्यांचं 'नाही' ऐकू आलं की त्रिशला पदराला हात पुसते आणि मला विचारते, "अक्का, मग उद्या भाजी कसली करायची?"